उजवीकडचा ‘हो’

“मान वर नोको करू, पोरी. दुसरीची ओळ पाहाले गेली का आपली वाकडी होते. डोरे चिखलात ठेव, कान शेजारनीकडं.”

तेवीस वर्षांपूर्वीचा बायजाबाईचा हा आवाज. नवेगाव बांधच्या तलावाखालच्या बांधीत, गुडघाभर चिखलात बारा बाया ओळीनं मागं मागं सरकत धानाचे पऱ्हे रोवायच्या आणि शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून बायजाबाई गाणं सांगायची, ‘हातामागं हात बाई, पाठीमागं पाठ.’ जिचा हात चुकला तिचा सूर आधी पडायचा. तो पडला की तिच्या दोन्ही बाजूंच्या बायांनी नुसतं ‘हो’ म्हणायचं. दोन ‘हो’ आले की मधली कोण ते बायजाबाईला कळायचं, आणि ती गाण्यातल्या गाण्यातच तिला सावरून घ्यायची. कुणी थांबत नसे. गाणं मोडत नसे.

आता बायजाबाईची नजर गेली होती. अंगणात खाटेवर बसून ती बोटांनी चाचपत लाखोळीच्या डाळीतले खडे काढत होती. रश्मी तिच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसलेली. बंगळुरूला क्वांटम संगणकाच्या चुका पकडणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अकरा जणांची ती प्रमुख. चार दिवस गावी आली, तर काम मागोमाग आलं. स्पीकर लावलेल्या फोनवर तिच्या हाताखालचा ओमेश होता, इथल्या जवळच्या तिरोड्याचाच.

“ताई, सतरा नंबर एकटाच बोंबलून राहिला. बाजूचा अठरा गप्प. सतराच खोटा आहे. बंद करून टाकतो त्याला, उद्याची चाचणी निपटून जाईल.”

“अठराला पुन्हा विचारलंस?”

“एकदा विचारलं ना.”

रश्मीची बोटं कीबोर्डवरच राहिली.

“कोनाले काढून राहिले व?” बायजाबाईनं विचारलं.

“यंत्रातल्या पहारेकऱ्याला, आजी. आत लय नाजूक कण असतात. सरळ पाहायला गेलं की बिघडतात. म्हणून त्यांच्याकडं पाहायचंच नाही. आजूबाजूला पहारेकरी बसवलेत. त्यांनी फक्त सांगायचं, जुळते का नाही जुळत.”

“हात्तीच्या! मंग हा आपला रोवणाच झाला का! अन् तुले त्याचा पगार देतेत?” बायजाबाई बोळक्या तोंडानं हसली. मग म्हणाली, “एकानं ‘हो’ देल्ला अन् दुसऱ्यानं नाही देल्ला, तं?”

रश्मीनं पडद्यावर सतरा आणि अठराच्या नोंदी शेजारी शेजारी उघडल्या.

“तं देनारा खोटा,” बायजाबाईनंच उत्तर दिलं. “आपल्या दुर्गेश्वरीवानी. जलमात एकडाव खोटं बोलली, पन भर बांधीत बोलली. तुह्या मायवर. माह्या जिवाची होती ते. अजून याच अंगणासमोरून जाते, पन आवाज नाही देत.”

रोवण्याच्या त्या दिवशी रश्मीची आई तापानं फणफणली होती. तिचा सूर पडला. डावीकडून दुर्गेश्वरीनं ‘हो’ दिला. उजवीकडं चौदा वर्षांची रश्मी होती. ताप कळला तर दिवसाची मजुरी बुडेल म्हणून चिखलाखाली आईनं तिच्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. रश्मीनं ‘हो’ गिळला. बायजाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा गाणं तोडलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “खोटा ‘हो’ देतेस, दुर्गे?” दुर्गेश्वरीनं हातातली पेंढी पाण्यात सोडली आणि धुऱ्यावर चढली. बारा जणींत गोड गळा तिचाच. तो पुन्हा कुठल्याच बांधीत ऐकू आला नाही.

आई मागच्या पोळ्याला गेली. तिचा पाय मात्र अजून रश्मीच्या पायावर होता.

“ओमेश,” ती फोनमध्ये म्हणाली, “सतराला हात लावू नको. अठराला पुन्हा विचार. दहा फेऱ्या घे.”

फोन चालूच राहिला. डाळीतले खडे परातीच्या काठावर टिक टिक वाजत राहिले.

“ताई,” ओमेशचा आवाज उतरला होता, “दुसऱ्याच फेरीत अठरा बोलला. पहिल्या वेळी त्यानंच गिळलं होतं. सतरा खरा होता. आपण खऱ्यालाच काढत होतो ना!”

बायजाबाईची बोटं डाळीत थांबली.

“दुसऱ्या डावाले इचारा लागते का व?” ती हळूच म्हणाली. मग विझलेले डोळे तिनं रश्मीच्या दिशेनं वळवले. “रस्मी, तवा तुह्या मायच्या उजव्या अंगाले कोन होतं? मले आठोत नाही.”

एवढ्यात रस्त्यावर पावलं वाजली. बायजाबाईनं मान तिरपी करून ऐकलं. ही पावलं तिनं तेवीस वर्षं ऐकली होती. डोक्यावर गवताचा भारा घेऊन दुर्गेश्वरी चालली होती, या घराकडं न पाहता, रोजच्यासारखी.

रश्मी उठली. चप्पल न घालताच फाटकापर्यंत गेली. भारा पुढं निघून चालला होता.

“दुर्गाकाकू!”

भारा थांबला. वळला नाही.

“माह्या मायचा सूर पडला होता, काकू,” रश्मी म्हणाली, आतल्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशी. “हो.”