दोघींच्या मधलं शटल

शटल दोघींच्या मधोमध पडलं आणि सामना संपला.

मोहिनीने राखीकडे पाहिलं. राखीने मोहिनीकडे पाहिलं. मग दोघींनी शटलकडे पाहिलं, जणू आता त्यानेच काय ते सांगावं. जाळीपलीकडे मालेगावच्या दोन शिक्षिका एकमेकींना मिठी मारत होत्या. नाशिक जिल्हा, पस्तिशीपुढील महिला दुहेरी, अंतिम सामना. निफाडच्या दोन सख्ख्या जावा हरल्या होत्या.

मागच्या खुर्चीवर त्यांची कोच बसली होती. फू सिउ लान, मलेशियाची. एके काळी तिची जोडी महिला दुहेरीत जगातल्या बड्या जोड्यांत धरली जायची. तिची कारकीर्दही अशाच एका शटलने संपली. मोठी स्पर्धा, उपांत्य फेरी, आणि शटल तिच्या आणि जोडीदार नोराच्या मधे पडलं. सिउ लान म्हणाली, तुझं होतं. नोरा म्हणाली, तुझं होतं. त्यानंतर सहा वर्षं दोघी एकमेकींना काहीच म्हणाल्या नाहीत. व्हिडिओ मात्र जगभर फिरला. नाशिकला गंगापूर रोडवरच्या अकॅडमीत ती रुजू झाली, तेव्हा पालकांनी फुलांचा गुच्छ दिला आणि लगेच मोबाइल पुढे केला. "मॅडम, या तुम्हीच ना?"

गेल्या आठवड्यात नोराचा निरोप आला होता. ती मलेशियात, इपोहला, स्वतःची अकॅडमी काढत होती. सोबत कुणीतरी हवं होतं. अट एकच. 'ते शटल माझं होतं', एवढं तू म्हण. रविवारपर्यंत कळव, नाहीतर मी दुसरी बघते.

आज रविवार होता. नाशिकचा करार महिनाअखेरीला संपत होता. नोराइतकं जवळचं सिउ लानला दुसरं कुणी कधी नव्हतंच. तरी तिने ठरवलं होतं, म्हणायचं नाही. कारण शटल नोराचं होतं.

कोर्टवर आवाज चढले.

"माझंच चुकलं, ताई," राखी म्हणाली.

"नाही गं बाई, माझंच चुकलं," मोहिनी म्हणाली.

"तुम्ही मोठ्या. तुमचं कसं चुकेल? माझंच चुकलं."

"मीच म्हटलं ना घरात, राखीला घेते जोडीला. तिथंच चुकलं माझं."

"आणि मी लगेच आले. ते माझं चुकलं."

ज्या घरात दोन जावा नांदतात, तिथे या वाक्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. सिउ लानच्या घरात जावा नव्हत्या. तिने सहायक कोच प्रफुल्लला विचारलं, "कशावरून भांडतायत?"

प्रफुल्ल इंग्रजी घेऊन बी.ए. झाला होता. त्याला शब्दांचं भाषांतर जमायचं, सुराचं नाही. "दोघी म्हणतायत, चूक माझी."

"दोघी?"

"दोघी."

"एवढ्या जोरात?"

"हो मॅडम. दोघी अजिबात ऐकायला तयार नाहीत."

सिउ लान बघत राहिली. मोहिनीने किटबॅगची चेन अशी ओढली की ती तुटून हातात आली. राखी म्हणाली, "असू द्या, तेही माझंच चुकलं." सिउ लानचे डोळे भरून आले. प्रफुल्लला वाटलं, आता नीट समजावून सांगायला हवं. पण टोमण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेपर्यंत ती फोन घेऊन हॉलबाहेर गेली होती.

परत आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

"मी नोराला म्हटलं, शटल माझं होतं. ती म्हणाली, नाही, माझं होतं."

प्रफुल्लने जपून विचारलं, "म्हणजे, कुठल्या सुरात म्हणाली?"

"रडत."

प्रफुल्लने सुटकेचा श्वास सोडला. मग त्याला आठवलं, त्याची काकूही 'माझंच चुकलं' हे रडतच म्हणते. तो श्वास त्याने परत घेतला. "पुढे?"

"पुढे म्हणाली, लवकर ये."

काकू असं कधी म्हणाली नव्हती. प्रफुल्ल खुर्चीत बसला.

सिउ लान सरळ जावांकडे गेली. तिने दोघींचा एकेक हात हातात घेतला. "मला सहा वर्षांत जे जमलं नाही ते तुम्ही एका मिनिटात केलंत," ती म्हणाली. "एकमेकींची चूक आपल्या अंगावर घेतलीत. मी घरी जातेय, ते तुमच्यामुळे."

प्रफुल्लने या वेळी शब्दन् शब्द चोख सांगितला. त्याला दुसरा इलाज नव्हता.

मोहिनीने "अहो मॅडम, तसं नाही" म्हणायला तोंड उघडलं. समोर ते लाल नाक होतं. तिने तोंड मिटलं. हात सोडवून घेता येत नव्हता, म्हणून ती तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळाने ती राखीला हळूच म्हणाली, "ते शटल माझ्या हातातलं होतं गं. मुद्दाम सोडलं मी. म्हटलं, सगळी शटलं हीच घेतेय ना, घेऊ दे हेही."

राखी खाली बघत होती.

"मी पण मुद्दामच सोडलं, ताई."

मोहिनीने तिच्याकडे पाहिलं. मग आधी एकीला हसू फुटलं, मग दुसरीला. सिउ लानला काहीच कळलं नाही, पण तीही हसली.

"आता काय म्हणाल्या?" तिने प्रफुल्लला विचारलं.

"तेच, मॅडम," प्रफुल्ल म्हणाला. "मघाशी म्हणत होत्या तेच."