पायातले खडे

"खडे कुठें गेले?" अंबुजाक्कांनी विचारलं.

डॉक्टर अखिलानं पडद्यावर दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले होते. डावीकडचा ऑपरेशननंतर लगेच काढलेला. त्यात गुडघ्याखालच्या हाडात पांढरे खडे दाटीवाटीनं दिसत होते, साबुदाणा भरून ठेवावा तसे. उजवीकडचा आजचा. त्यात धातूची पट्टी होती, स्क्रू होते. खडे मात्र शोधावे लागत होते.

तपासणीच्या खाटेवर वैद्यनाथ बसला होता. अंबुजाक्कांचा हा धाकटा भाऊ तंजावूर-पापनाशम बस चालवायचा. सुगीत रस्त्यावर वाळत घातलेल्या भातावरून त्याची स्कूटर घसरली आणि डाव्या गुडघ्याखालचं हाड चेपून आत गेलं. ते उचलून जागेवर बसवलं, तेव्हा खाली पोकळी राहिली. क्लचचा पाय तो. त्यानं भार घेतला नाही, तर उरलेली नोकरी डेपोतल्या खिडकीमागं बसून काढायची. म्हणून वैद्यनाथ एक्स-रेकडे बघतच नव्हता. तो डॉक्टरच्या तोंडाकडे बघत होता.

ऑपरेशनच्या आधी पोकळी कशी भरायची हे सांगताना अखिला म्हणाली होती, रुग्णाच्याच कमरेचं हाड काढून भरता येतं, पण मग जखमा दोन होतात. अंबुजाक्कांनी तिला पुढं बोलू दिलं नव्हतं.

"माझ्या कमरेचें घ्या. हा आधीच काडी. माझ्यापाशी भरपूर आहे."

आईमागं वैद्यनाथला त्यांनीच वाढवला होता. आपण काही मोठं बोललो असं त्यांना वाटलंही नाही. पण अखिला हसली. वाईट हेतूनं नव्हे, तरी हसलीच. "नको अम्मा. आतां तयार केलेले खडे मिळतात. तेच घालूं."

कारखान्यातले खडे, आपल्या वैद्यनाथच्या पायात! तेव्हापासून अंबुजाक्का प्रत्येक तपासणीला येत आणि त्या मुलीशी कामापुरतंच बोलत.

"विरघळून गेले कीं काय?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"विरघळतायत," अखिला म्हणाली. तिच्याही घरी तंजावूरची मराठीच; पण समजे तितकं बोलता येत नसे. शब्द अडला की ती तमिळचा आधार घेई. "ते कायमचे राहायला नाहीं घातले, अम्मा. त्यांना बारीक भोकें असतात. हाड त्यांत शिरतें, त्यांना धरून वाढतें. खडा म्हणजे नुसतें… सारम."

सारम म्हणजे परांची. गोपुराची डागडुजी निघाली की बांबू बांधून उभी करतात ती. अंबुजाक्का पडद्याच्या आणखी जवळ गेल्या.

"काम झालें कीं सारम सोडायला माणसें येतात. हें कोण सोडणार?"

"कोणी नाहीं. अंगच तें हळूहळू खाऊन टाकतें. जागा सुटली कीं तिथें हाड येतें."

"तें हाड कुणाचें?"

"ह्यांचेंच."

"हो, पण आलें कुठून?"

अखिलानं हातातलं पेन खाली ठेवलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा. "खाल्लेल्यांतून," ती म्हणाली. "जेवायला काय घालतां ह्यांना?"

"नाचणीची पेज. दूध. मुरुंगैचा पाला."

"रोज!" वैद्यनाथ पहिल्यांदाच बोलला. "शेवग्याचा पाला रोज! ताट दिसलें कीं पळून जावेंसें वाटे. पण पळणार कसा?"

अखिला हसली. मग तिनं उजवीकडच्या एक्स-रेवर बोट टेकवलं, जिथं पूर्वी खडे होते आणि आता धुरकट पांढरं काहीतरी धरत चाललं होतं. "मग हें तेंच आहे, अम्मा. खडे आम्ही घातले. बाकी तुमचें."

अंबुजाक्कांनी पदर सारखा केला. त्या बराच वेळ त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिल्या. घरातलं एखादं मूल रांगता रांगता अचानक उभं राहावं आणि बघणाऱ्यानं श्वास धरावा, तसं त्यांना झालं.

"बरें दिसतें," त्या शेवटी म्हणाल्या. "छान दिसतें."

"दिसण्यावर नाहीं सोडणार," अखिला उठली. चाकांचं स्टूल ओढून ती वैद्यनाथच्या समोर बसली आणि त्याच्या डाव्या तळपायावर तिनं हात ठेवला. "दाबा."

वैद्यनाथनं पाय जरासा पुढं केला. कपाळावर घाम आला होता.

"भिऊन दाबतोय तो," अंबुजाक्का म्हणाल्या. "तुम्ही डॉक्टर म्हणून जपून दाबतोय. उठा तुम्ही. मी बसतें."

अखिला थोडी गोंधळली, पण उठली. अंबुजाक्का त्या स्टुलावर बसल्या, दोन्ही तळहात भावाच्या तळपायाला भिडवले आणि म्हणाल्या, "हां. आतां दाब. सगळा जोर लाव."

वैद्यनाथनं एकदा डॉक्टरकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मग त्यानं डोळे मिटले आणि पाय रेटला.

स्टुलाची चाकं कुरकुरली. अंबुजाक्का बसल्या बसल्या मागं सरकू लागल्या, टेबलाच्या बाजूनं, वजनकाट्याला घासून, थेट मागच्या भिंतीपर्यंत. पाठ भिंतीला टेकली तेव्हा त्या थांबल्या.

"दुखलें?" अखिलानं वैद्यनाथला विचारलं.

"नाहीं," तो म्हणाला. त्याचा त्यालाच विश्वास बसत नव्हता. "नाहीं दुखलें!"

अखिला सांगू लागली, की आधी डेपोच्या आवारात रिकामी गाडी चालवून बघायची, पायऱ्या उतरताना कठडा धरायचा, रस्त्यावर जायचं ते त्यानंतर. वैद्यनाथ एकेका शब्दाला मान डोलवत होता.

अंबुजाक्कांचं तिकडे लक्ष नव्हतं. पायांनी फरशी रेटत त्या स्टुलासकट परत खाटेपाशी आल्या. दोन्ही हात पुढं करून म्हणाल्या, "पुन्हा."