राणीची परेड

"टाळी," म्हणत सुभेदार नाथाजींनी हात पुढं केला.

गाद्यांच्या ढिगावर बसलेल्या राणीनं सावकार कुळाकडं बघतो तसं त्यांच्याकडं बघितलं आणि डोळे मिटले.

"आवं, थंडी लय हाय. ऱ्हाऊ द्या की बिचारीला," चंद्राबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या? संक्रांतीला पोरगी येणार. तिच्यापुढं ही अशीच बसली म्हंजे? माझं नाक कापायचं हाय व्हय?"

पोरगी म्हणजे नात, शिवांजली. दिवाळी झाल्यावर कंपनीनं तिच्या बापाला, धैर्यशीलला, चेन्नईला धाडलं. तिथल्या जागेत मांजर चालत नव्हतं. म्हणून दुसरी जागा मिळेपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, राणी इस्लामपुरात आजोबांकडं आली. निघताना शिवांजलीनं दारातच बजावलं होतं, "आजोबा, थंडीत मांजरं घरात नुसती झोपतात. तिला रोज खेळवायचं. आणि तिला माझी टाळी विसरू द्यायची नाही."

नाथाजींनी तिला कडक सलाम ठोकला होता. डावा-उजवा न कळणाऱ्या रिक्रुटांना त्यांनी पलटणीत परेड शिकवली होती. मांजर ती काय!

नंतर एकदा स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली. मग सुभेदारांनी खिडक्यांना जाळ्या ठोकल्या आणि बैठकीच्या खोलीचं मैदान केलं. कपाटावरून सुतळी सोडली, तिच्या टोकाला कोंबड्याचं पीस. टीव्हीच्या खोक्याला भोकं पाडून भुयार. वाट्या पालथ्या घालून एकीखाली सुकट. राणीनं वास घेत वाटी उलथली की सुभेदार "शाब्बास!" म्हणून ओरडत, आणि चंद्राबाईंच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडे.

सुरुवातीला राणी शेगडीमागं दडून बसे. नावानं हाक मारली तरी कान हलवत नसे.

"विसरली का काय नाव?" चंद्राबाई हळूच म्हणाल्या.

"शिकवलं की येतं," नाथाजी म्हणाले, आणि सुकटीचा डबा उघडला.

गुऱ्हाळावरचा कोंडीबा मधूनमधून काकवीची किटली घेऊन डोकावे. "रुळली का, सुभेदार?"

"रुळतीया. हळू बोल."

"गुऱ्हाळात उंदरं लय माजल्यात बघा."

"संक्रांत होऊ दे. मग बघू तुझ्या उंदरांचं."

नाथाजी फुकट कुणाला बिडीसुद्धा देणाऱ्यातले नव्हते. पण यंदाच्या थंडीत त्यांनी कोंडीबाला आपला चांगला लष्करी स्वेटर काढून दिला. माणूस म्हातारपणी मऊ होतो, असं गल्लीनं ठरवून टाकलं.

शिवांजलीचा व्हिडिओ कॉल आला की राणी नेमकी वाकळेत गुरफटलेली असे. बाहेर फक्त शेपटी. तिचं पांढरं टोक बघून पोरगी खूश होई आणि सुभेदार फोन लगेच चंद्राबाईंकडं देत.

संक्रांत आली. दारात गाडी थांबली तेव्हा नाथाजींच्या हाताला घाम फुटला होता. सरहद्दीवरही त्यांना एवढा फुटला नसेल.

शिवांजली आली ती थेट जमिनीवर बसली. "राणी! टाळी!"

राणीनं तिचा हात हुंगला. मग नाथाजींकडं बघितलं. चंद्राबाईंच्या हातात तिळगुळाची वाटी तशीच राहिली.

राणीनं पंजा उचलला आणि पोरीच्या तळहातावर ठेवला.

"आजोबा! पण ही आता डाव्या हातानं देते!"

"थंडीनं उजवा आखडतो तिचा," नाथाजी झटकन म्हणाले.

"आणि माझा घंटीचा पट्टा?"

"झिजला गं," चंद्राबाई म्हणाल्या. "नवा घेतला. लाल शोभतोय की!"

तेवढ्यात राणी सुतळीवर झेपावली, खोक्यात शिरली आणि दुसऱ्या भोकातून बाहेर आली. धैर्यशील बघतच राहिला. "आबा, कमाल केली तुम्ही. आमच्याकडं नुसती सोफ्यावर पडलेली असायची. तुम्ही तर मांजरच बदलून टाकलं!"

सुभेदारांना जोराचा ठसका लागला. चंद्राबाईंनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

जेवणं झाली. पोळीवर तूप पडलं, हसणं-खिदळणं झालं. दुपार कलल्यावर गाडी निघाली. राणी शिवांजलीच्या मांडीवर घुरघुरत झोपली होती. गाडी वळेपर्यंत पोरगी खिडकीतून हात हलवत होती.

"गोड झालं सगळं," चंद्राबाई म्हणाल्या.

"झालं," नाथाजी म्हणाले. त्यांनी सुतळी उतरवली, खोकं घडी करून माळ्यावर टाकलं, खिडकीची जाळी काढली आणि पायरीवर चहाचा कप घेऊन बसले. अंग कसं हलकं वाटत होतं.

ऊन कुंपणावरून उतरत होतं. तेवढ्यात कुठंतरी बारीक घंटी वाजली.

भिंतीवरून एक तांबूस मांजर अंगणात उतरलं. त्याच्या शेपटीचं टोक पांढरं होतं आणि गळ्यातला गुलाबी पट्टा मळून काळा पडला होता. ते सावकाश पायरीपर्यंत आलं, सुभेदारांच्या समोर बसलं आणि त्यानं उजवा पंजा पुढं केला.