राजखेकड्याचं नाव

खोल समुद्राच्या तळाशी सापडलेला काटेरी राजखेकडा नव्याच प्रजातीचा निघाला, आणि संशोधकाला आकाश ठेंगणं झालं. आपण शोधलेल्या प्राण्याला आपलंच नाव द्यायचं नाही, असा संशोधकांचा संकेत. म्हणून त्याने मोठ्या मनाने बायकोचं दिलं.

“ए, हे बघ!” छापून आलेलं लॅटिन नाव त्याने तिच्यापुढे धरलं.

भांडी घासता घासता तिने वाचलं. “हे तर तुझं आडनाव.”

“लग्नानंतर तुझंही तेच की! शिवाय शेवटी ‘ए’ लावलाय. तो फक्त बाईच्या नावाला लागतो. तो खास तुझा.”

“मग बरोबर आहे,” तिने नळ बंद केला. “इतकी वर्षं तू मला ‘ए’ म्हणूनच तर हाक मारतोस.”