कालच व्यालेली

"कालच व्यालीय ती! आणि आज पुन्हा नराकडे नेताय?" सून पिंजऱ्याच्या दारावर हात रोवून उभी राहिली.

नवऱ्याच्या हातात पांढरी ससीण होती. तिचं पोट जागोजागी उघडं पडलं होतं. तिथले केस तिनं स्वतःच उपटून पिल्लांखाली अंथरले होते.

"व्याल्यावर लगेच गाभण राहतात. महिन्याला एक वेत. सगळे असंच करतात," तो म्हणाला. "हो बाजूला."

"पहिल्या वेताला नऊ पिल्लं, सगळी जगली. मग सात. गेल्या वेळी चार, नि तीही पोटं खपाटीला जाऊन मेली. तुम्ही म्हणालात, थंडीनं. थंडी काय या एकाच पिंजऱ्यात शिरली होती? हात फिरवून बघा, नुसती हाडं लागतात!"

"मला शिकवू नकोस. जनावर आहे ते. त्याला काय कळतंय?"

"बोलता येत नाही तिला, एवढंच."

तो चिडला. शेडच्या दाराशी त्याची आई गवत निवडत बसली होती. नवरा-बायकोच्या भांडणात तिनं आजवर सुनेची बाजू कधी घेतली नव्हती.

"आई, तूच सांग हिला. फार डोक्यावर बसायला लागलीय."

आई गुडघ्यावर हात टेकत उठली. सुनेनं दारावरचा हात काढला. आता बोलून उपयोग नव्हता.

आईनं ससीण मुलाच्या हातातून घेतली. तिच्या पोटावरून बोटं फिरवली. मग तिला नराकडे न नेता तिच्याच पिंजऱ्यात, पिल्लांच्या पेटीपाशी सोडलं आणि कडी घातली. पेटीत पाच गुलाबी जीव डोळे मिटून एकमेकांत घुसले होते.

"पिल्लं दूध सोडून सुटी होईपर्यंत हिला हात लावायचा नाही."

"अगं, पण तुला काय कळतंय यातलं?"

आई गर्रकन वळली. तिचा एवढा संतापलेला चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता.

"मला कळत नाही? तुझ्या आधी एक होता. तो दोन महिन्यांचा असताना तू पोटात आलास. तुझ्या बापाच्या पाया पडले होते मी, थोडं थांबा म्हणून. माझं दूध आटलं."

"पण दादा तर तापानं गेला ना?"

"ताप कसला, रे? उपाशी गेला तो."