दोनदा थोपटलं की

व्हरायटी चौकातल्या पानठेल्यासमोर कुंदानं त्या पोराच्या गळ्याला मागून विळखा घातला होता. त्यानं भर रस्त्यात तिची ओढणी ओढली होती. आता त्याचा चेहरा काळानिळा पडत चालला होता, तरी ती सोडत नव्हती. दोघांनी तिला ओढून पाहिलं, तर विळखा आणखीच आवळला.

कोणीतरी धावत जाऊन रुपराव सरांना घेऊन आलं. एकेकाळी ज्युदोत देशात पहिले आलेले सर बारा वर्षांपासून बर्डीतल्या पोरापोरींना रोज संध्याकाळी शिकवत होते. कुंदा त्यांचीच शिष्या.

"सोड त्याले, कुंदा."

"हा थोपटून नाही राहिला ना, सर," ती दात आवळून म्हणाली.

सरांचा पहिला धडाच तो होता. हार मानली की समोरच्याला हातानं दोनदा थोपटायचं, आणि थोपटलं की कितीही राग असो, त्याच क्षणी सोडायचं.

सर वाकले. त्यांनी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं. तिचे हात आपोआप उघडले आणि पोरगा खोकत रस्त्यावर आडवा झाला.

"मरत होता ना तो. त्याले थोपटनं माहीत नाही," सर म्हणाले.

"काहून माहीत नसन जी?" कुंदा ओढणी सावरत म्हणाली. "तुमचाच पोरगा आहे ना."

सरांनी खोकणाऱ्या पोराला दंडाला धरून उठवून बसवलं.

"साऱ्या बर्डीले शिकवलं," ते म्हणाले. "घरी राहून गेलं."