दहा हजार पुस्तकं

तिसऱ्यांदा मोजली तरी पुस्तकं पाच हजार एकशे बाराच भरली. रंजीतानं रजिस्टर टेबलावर आपटलं.

"अजून एकडाव मोजू काय, बाई?" पत्रू शिपायानं विचारलं.

"मोजल्यानं पुस्तकाले पिल्लं होते काय, पत्रूभाऊ?"

धानोऱ्याच्या वाटेवरची ही दोन कॉलेजं समोरासमोर, मधे फक्त डांबरी रस्ता. आता वरून हुकूम आला होता, दोन्हींचं एकच कॉलेज होणार. रंजीता अकरा वर्षं सकाळी अलीकडे, दुपारी पलीकडे ग्रंथपाल, आणि दोन्हीकडे कंत्राटी. एकत्र झाल्यावर दहा हजार पुस्तकं दाखवली की तिचं पद कायम होणार होतं. दोन्ही रजिस्टरं मिळून दहा हजार दोनशे होत होती. आणि कपाटात निम्मी! रडावं की डोकं फोडून घ्यावं?

पुस्तकं कुठं गेली नव्हती. तेवढी कधी नव्हतीच. एका कॉलेजात तपासणी आली की दुसऱ्याची पुस्तकं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून रस्ता ओलांडायची. दोन्हीकडचे प्राचार्य म्हणायचे, "शिक्का मारा, रजिस्टरवर चढवा." चार-पाचशेच तर आहेत, असं म्हणत तिनं दरवर्षी शिक्का मारला. आता जे पुस्तक उघडावं त्यावर दोन शिक्के, आणि दोन्ही तिच्याच हातचे. नोकरी टिकावी म्हणून केलं, तेच नोकरीच्या मुळावर आलं.

पुस्तकं तपासायला समिती उद्या येणार होती. दोन्ही प्राचार्य तिच्यासमोर येऊन बसले. हुकूम आल्यापासून आठ महिन्यांत या दोघांचं एकाही गोष्टीवर जमलं नव्हतं. नाव कोणाचं, फाटक कोणतं, झेंडा कोणाच्या अंगणात, सगळ्यावरून नुसती कचकच. "आमचं कॉलेज, आमचं कॉलेज," दुसरा शब्द नाही.

"पाच हजार पुस्तकं हरवले, ग्रंथपाल जबाबदार, असं लिहून द्या," अलीकडचे प्राचार्य म्हणाले.

रंजीताच्या अंगाचा तिळपापड झाला. "देते ना लिहून, सर! पण कोणत्या कॉलेजचे हरवले? तुमच्या का त्यायच्या? तेवढं सांगा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता यांची जुंपणार, आपण सुटलो, असं तिला वाटलं.

"दोन कॉलेजं कुठी राह्यले, बाई?" पलीकडचे प्राचार्य शांतपणे म्हणाले, आणि अलीकडच्यांनी लगेच मान डोलावली. "आता आपलं एकच हाय."